साडेचार फूट

३ फेब्रुवारी

सूनबाई,

हललो तर ती जाईल, म्हणून मान न वळवता लिहितो आहे. बसायला लाकडी खोकं, कागद मांडीवर. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

मागे भांडं वाजतंय. म्हणजे खाते आहे. वाजायचं थांबलं की पुढे लिहीन.

थांबलं. गेली नाही. श्वास ऐकू येतो.

पत्र बघून तुला वाटेल, म्हाताऱ्याला झालं काय. काही झालेलं नाही. कारखाना बंद पडला हे तुला माहीत आहे. मशीनं विकली गेली, एकेक करून उचलली जाताहेत. शेवटचं लेथ जाईपर्यंत तेलपाणी करायला मालकांनी किल्ली माझ्याकडे दिली आहे. आवारात एक कुत्री राहते. पिवळट, डाव्या पुढच्या पायाने लंगडी. माणसं गेली तशी बाकीची कुत्रीही गेली, ही राहिली. ३० मार्चला शेड पाडणार आहेत. त्याच्या आत तिने माझ्याबरोबर यायला तयार व्हायला हवं. तुम्ही दोघं दोन वर्षं मागे लागला आहात ना, इकडे या म्हणून? येतो. पण एकटा नाही.

फोन का केला नाही, असं विचारशील. मला फोनवर हळू बोलता येत नाही. चाळीस वर्षं मशीनच्या आवाजावर ओरडलो. गेल्या महिन्यात इथून चिरंजीवांशी बोललो तर ही तीन दिवस फिरकली नाही. शिवाय तिच्याकडे पाठ करून तासभर स्वस्थ बसायचं तर हाताला काम लागतं. पत्र हे बिनआवाजाचं काम आहे. तेव्हा तुझ्या आठवणीने लिहितो आहे असा गैरसमज नको.

चिरंजीवांना तू सांग. मी सांगितलं तर ते भांडतील, मग मीही भांडेन. आणि तुझी हरकत असेल तर स्पष्ट कळव.

बाबा


८ फेब्रुवारी

बाबा,

लग्नाला नऊ वर्षं झाली आणि तुमचं अक्षर मी काल पहिल्यांदा पाहिलं. वाकडं नाही. नुसतं मोठं आहे. तुम्ही कागदावरही ओरडताच की.

चिरंजीवांना सांगितलं. ते म्हणाले, "शक्य नाही." मग जेवले. हात धुऊन आले आणि म्हणाले, "मुळीच शक्य नाही." दोनदा नाही म्हणून झालं की ते तिसऱ्यांदा म्हणत नाहीत, हे तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. थोडं थांबू.

माझी काही हरकत नाही. गॅलरी मोकळीच असते.

केवढी आहे? चावते का?

आज प्रयोगशाळेत एकतीस जणांचं रक्त काढलं, त्यातले दोघे खुर्चीवरून घसरले. हात दुखतोय, म्हणून एवढंच. आपल्या तब्येतीचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. तिच्या पायाचं मात्र लिहिलंत.


१३ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझे दोन प्रश्न. गुडघ्याच्या वर चार बोटं. चावत नाही, चावायला जवळ यावं लागतं.

तिला मी बाई म्हणतो. दुसरं सुचलं नाही. "बाई, जेवून घ्या," असं म्हणतो आणि खोक्यावर बसतो. समोर हत्यारांचं रिकामं कपाट आहे, त्याच्या काचेत ती मला दिसते. तिला वाटतं मला दिसत नाही.

काम कसं चालतं ते लिहितो. कुठलाही जॉब वेळेत संपवायचा तर रोज किती काप घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं. पहिल्या दिवशी भांडं फाटकाशी, माझ्या खोक्यापासून तीस फुटांवर ठेवलं. मग रोज एक फूट आत. जिथे भांडं तिथे खडूची रेघ, रेघेशेजारी तारीख. पाच फुटांपर्यंत सगळं सुरळीत झालं. कटकट नाही, कुरकुर नाही.

भांडं चारवर आणलं आणि गाडी अडली. बाई आल्या, थांबल्या, भांड्याकडे बघितलं, माझ्या पाठीकडे बघितलं आणि निघून गेल्या. उपाशी. ती जिथे थांबली तिथे रेघ मारली. मोजलं. साडेचार फूट. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्यांपैकी निम्म्यांना एवढं माप कधी साधलं नाही.

आता भांडं तीनवर ठेवणार आहे. भूक लागली की येईल.

तब्येत बरी आहे. गुडघे बोलतात, पण ते आधीपासून बोलके.

बाबा


१८ फेब्रुवारी

बाबा,

तीनवर ठेवू नका. ठेवलंच असेल तर मागे घ्या. हे मी सून म्हणून सांगत नाही.

माझ्या टेबलाशी रोज घाबरलेली माणसं येतात. पैलवानासारखी माणसं, सुई बघून पांढरी पडतात. मी त्यांचा दंड कधीही ओढत नाही. आधीच्या बाई ओढायच्या, त्यांच्या खुर्चीवर रोज कुणीतरी बेशुद्ध. मी माझा हात टेबलावर ठेवते, दुसरीकडे बघते आणि थांबते. हात त्याने पुढे करायचा असतो. वेळ लागतो. रांगेतले लोक माझ्या नावाने खडे फोडतात. पण करतो तो पुढे. आणि उपाशीपोटी आलेलं माणूस जास्त घाबरतं, कमी नाही.

तिला पोटभर जेवू द्या. साडेचार तर साडेचार.

मला कळत नाही ते वेगळंच. साडेचारच का? पाच का नाही, चार का नाही? तुम्ही आयुष्यभर मापात जगलात. एवढं नेमकं माप उगीच येत नाही, असं तुम्हीच सांगता. शोधा ना.

चिरंजीव अजून तिसऱ्यांदा नाही म्हणालेले नाहीत.


२३ फेब्रुवारी

सूनबाई,

शोधलं.

दारामागे खिळ्याला एक लोखंडी नळी टांगलेली आहे. लांबी तीन फूट. मुठीत सहा इंच जातात, उरतात अडीच फूट. माझा हात खांद्यापासून मुठीपर्यंत दोन फूट. बेरीज तू कर.

तीन वर्षांपूर्वी, थंडीत, ती लेथखाली येऊन झोपायची. मोटर गरम असते, खाली ऊब साचते. फिरत्या मशीनखाली कुत्रं म्हणजे अपघाताला आमंत्रण. दोनदा हाकलली. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. त्या दिवशी एक मोठा जॉब माझ्या हातून वाया गेला होता. फोरमन मी, नळी माझी. पाय तेव्हाचा आहे. कुणी विचारलं तर सांगायचो, ट्रकखाली आली.

पहिल्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण तू विचारलं नव्हतंस.

हे खरं नाही. लिहायचं नव्हतं म्हणून लिहिलं नाही. रोज दार उघडताना नळी दिसते. तरी साडेचार हा आकडा कुठून आला ते कळायला तुझं पत्र यावं लागलं.

भांडं साडेचारवर आहे. काल खाल्लं.


२८ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग भांडी घासली. मग तिसऱ्यांदा वाचलं.

तुम्हाला बरं वाटेल असं काही लिहिणार नाही. लिहिलं तरी तुम्हाला ते पटणार नाही, आणि मलाही नाही.

एक मात्र लिहिते. माझ्याकडे एकदा दुखलेलं माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या खिडकीला जातं. तुमची बाई रोज तुमच्याच खिडकीला येते. भुकेने येत असेल, दुसरी खिडकी नसेल म्हणून येत असेल. पण येते. तेव्हा खिडकी बंद करू नका.

महिना उरला आहे. तुम्ही अर्धा जॉब सोडून उठणारे नाही, हे मला कुणी सांगायला नको.

माझी काही हरकत नाही. खरंच नाही. गॅलरीत तिच्यासाठी जुनी सतरंजी काढून ठेवली आहे.


२ मार्च

बाबा,

हिला न सांगता लिहितो आहे. पत्रं तुम्ही दोघांनीच लिहायची असं काही नाही.

हिच्या डाव्या पोटरीवर अकरा टाके आहेत. आठ वर्षांची होती. रस्त्याने चालताना कुत्रं दिसलं की ती माझा दंड धरते आणि हवेबद्दल बोलायला लागते. काय उकडतंय, काय गार पडलंय. मी हो म्हणतो. नऊ वर्षं असंच चाललं आहे. तुम्हाला ती हो म्हणाली, कारण दोन वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच येतो म्हणालात.

मी नाही म्हणतो ते तुमच्यावरचा राग म्हणून नाही. तो वेगळा आहे, त्याचं नंतर बघू.

हे पत्र तिला दाखवू नका.


९ मार्च

सूनबाई,

दोन गोष्टी.

पहिली. बाई गेल्या. चूक माझी. आमच्याकडे बिघडलेला जॉब लपवायचा नाही, सगळ्यांसमोर टेबलावर मांडायचा, सगळ्यांनी बघायचा, मग भंगारात टाकायचा, अशी मीच पद्धत घालून दिली होती. तीच इथे वापरली. नळी खिळ्यावरून काढली आणि भांड्याशेजारी जमिनीवर ठेवली. मनात आलं, तिला दिसू दे की ती आता माझ्या हातात नाही. कुत्रीला काय कळणार टेबल आणि भंगार. तिने नळी पाहिली आणि मागच्या मागे फाटकाबाहेर गेली. आज सहावा दिवस. नळी भंगाराच्या गाडीत टाकली, पण ते बघायला ती नव्हती. भांडं रोज भरतो, रोज ओततो.

दुसरी. तुझी पोटरी. चिरंजीवांनी कळवलं. दाखवू नका म्हणाले होते, पण लपवाछपवी मी एकदा करून बघितली आहे, पुन्हा नाही. त्यांच्यावर रागावू नकोस.

मी ठरवलं ते असं. ती परत आली तर इथेच एक खोली बघतो आणि आम्ही दोघं राहतो. नाही आली तर एकटा तुमच्याकडे येतो. कसंही झालं तरी तुझ्या घरात कुत्रं येणार नाही. सतरंजी उचलून ठेव. विषय संपला.

बाबा


१३ मार्च

बाबा,

विषय संपला, हे तुम्ही कारखान्यात म्हणायचात. कारखाना बंद झाला आहे.

आता माझं ऐका. तळमजल्यावर दंतवैद्यीणबाई राहतात. त्यांच्या कुत्र्याचं वय चौदा आणि तोंडात दात तीन. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी कामावरून आले की जिन्यात बसते. पहिल्या दिवशी सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. तो खाली दारात झोपलेला. मधे बारा पायऱ्या. तरी कठडा सोडला नाही. रोज एक पायरी उतरेन असं ठरवलं होतं, पण एक उतरायची आणि दोन चढायच्या असंही झालं. शेजारचे विचारतात, किल्ली हरवली का? मी हो म्हणते. महिनाभर माझी किल्ली हरवते आहे.

परवा त्याच्या पाठीला बोट लावलं. एकच. त्याने डोळासुद्धा उघडला नाही. वर आले, हात धुतले, रडले आणि तोवर भाजी करपली. चिरंजीवांनी करपलेली भाजी मुकाट्याने खाल्ली. तेव्हा त्यांना कळलं आहे. तुम्हाला त्यांनी काय कळवलं यावरून आमचं भांडण व्हायचं ते होऊन गेलं, त्याची काळजी करू नका.

हरकत नाही असं मी दोनदा लिहिलं, ते खोटं होतं. आता तिसऱ्यांदा लिहीत नाही. भीती वाटते. पण भीती माझी आहे आणि तिचं काय करायचं ते मी ठरवेन. तुम्ही परस्पर खोली घेऊन मला मोडीत काढू नका. सतरंजी तिथेच राहील.

तुम्ही तुमचं बघा. भांडी भरून ओतत काय बसलात? ती तुमच्याकडे आली नव्हती, भांड्याकडेही नव्हती. त्या वेळी, दोनदा हाकलल्यावरही, ती कशासाठी येत होती? तुम्हीच मला लिहिलं आहे. आपलं पत्र आपण परत वाचत नाही, हा तुमच्या घराण्याचा दोष आहे.


२५ मार्च

सूनबाई,

मोटर.

तुझं पत्र १७ला आलं. फाटकातच फोडलं, आत गेलो आणि लेथ सुरू केलं. काप नाही, जॉब नाही, नुसतं फिरवलं. सकाळी अकरापासून तीनपर्यंत रिकामं लेथ. एवढी वीज मी हाताखालच्या कुणाला अशी जाळू दिली नसती. त्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. दुपारी फाटकात पिवळं काही हललं. मी काचेत बघायचंही सोडलं, भिंतीकडे तोंड केलं. ती माझ्या मागून गेली आणि लेथखाली शिरली. त्याच जागी. जिथून मी तिला बाहेर ओढली होती, अगदी त्याच.

भांडं लेथजवळ नेलं नाही. रेघही मारली नाही. खडू खिडकीतून फेकून दिला.

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी खोकं बाजूला केलं, जमिनीवर बसलो, पाठ लेथकडे. समोर काच नव्हती, त्यामुळे काही दिसत नव्हतं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. गुडघ्यांना विचारलंस तर ते दोन तास म्हणतील. मग कोपराला ओलं लागलं. नाक होतं. झालं ते एवढंच, वाढवून सांगत नाही.

मी म्हटलं, "बाई, चुकलो."

ती गेली नाही. म्हणजे हळू बोललो असणार. मला हळू बोलता येतं.

पट्ट्याचं लिहायचं राहिलं. बाजारातला आणला नाही. जुन्या लेथचा चामड्याचा पट्टा पडून होता, तेल प्यायलेला, त्यातून कापून केला. बकल पितळेचं, हाताने घासलेलं, कड कुठे लागत नाही. तो ती झोपते तिथे ठेवून दिला. दोन दिवस त्याच्यावर झोपली. काल गळ्यात घातला. थरथरली, पण उभी राहिली. मीही थरथरलो, तेव्हा फिटंफाट.

आज लेथ ट्रकमध्ये चढवलं. ते ज्यांनी घेतलं त्यांचा रस्ता तुमच्या दारावरून जातो. ट्रक शनिवारी निघेल, आम्ही मागे लेथशेजारी बसणार. चढायला फळी लावली आहे. सकाळी ती फळीच्या टोकाशी आली, वास घेतला आणि बसून राहिली. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, उचला आणि टाका आत. कुत्री आहे ती, मशीन नाही."

मी म्हटलं, "मशीन असती तर उचललीच असती."

तो म्हणाला, "नाही चढली तर?"

मी फळी सरळ केली. तुला सांगतो. उचलणार नाही, ओढणार नाही, फसवून आत घेणार नाही. तिची ती चढली तर आम्ही रविवारी तुमच्या दारात असू. नाही चढली तर ट्रक आमच्याशिवाय जाईल. मग सोमवारी शेड पाडायला येतील त्यांना मी फाटकात खोक्यावर बसलेला दिसेन, आणि तुला पुढचं पत्र येईल.

तू जिन्यातून किती उतरलीस ते कळव. पत्र पोचणार नाही, तरी कळव.

बाबा


३० मार्च, सकाळ

बाबा,

तुम्ही गाढ झोपला होतात म्हणून उठवलं नाही. ही चिठ्ठी चहाच्या भांड्याखाली ठेवते आहे.

काल तुम्ही झोपायला गेल्यावर मी गॅलरीच्या उंबऱ्यावर बसले, तिच्याकडे पाठ करून. हाताला काम हवं म्हणून तुमची पत्रं तारखेप्रमाणे लावली. मागे किती अंतर होतं ते मोजलं नाही. वीसेक मिनिटं बसले. कुणी काही केलं नाही. मग मीही झोपले.

आज सहाला उठले तर बाई माझ्या चपलांवर मान ठेवून झोपलेल्या. मला चपला हव्या होत्या. वाकले, तर ती उठली. मी म्हटलं, आज हवा गार आहे. मग दोरी लावली आणि बारा पायऱ्या उतरून खाली जाऊन आलो. तिला पायऱ्या उतरताना पाय दुखतो, तेव्हा घाई करू नका.

दोरी दारामागच्या खिळ्याला अडकवली आहे. अंडं दिलं आहे. मिळालंच नाही असं ती तुम्हाला दाखवेल, विश्वास ठेवू नका. चिरंजीव तिसऱ्यांदा काही म्हणाले नाहीत, तिला ओलांडून कामावर गेले.

मी निघते.